साखळीतला पहाटेचा तास

रविवारच्या उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं की साखळी तुटली होती, आणि ती माझ्यामुळे तुटली. माझे यजमान पुढेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, छातीवर हात धरून. त्यांचं दुखणं अर्धंच का बरं झालं, याचं कारण पाळकसाहेब त्यांच्या डोक्यावरून मला समजावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला चर्चच्या बाहेर काढायची पद्धत आहे, ते त्या दिवशी पाळकसाहेबांच्या पथ्यावर पडलं.

माझं नाव कोकिळा. नाव ठेवलं तेव्हा माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. आम्ही धाड गावचे, तीन पिढ्यांपासूनचे ख्रिस्ती. गावात आमची घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, त्यामुळे एकाच्या घरी कुकरची शिट्टी वाजली तर दुसऱ्याला भाजी कळते. यजमान शीलवंत एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी अख्खं गाव त्यांना कंडक्टरच म्हणतं, आणि मीही म्हणते.

साखळी म्हणजे काय ते सांगते. आमच्यात कुणी फार आजारी पडलं की साखळी प्रार्थना लावतात. दिवसरात्र मिळून एकेक तास एकेका घराने वाटून घ्यायचा आणि त्या तासात आजारी माणसासाठी देवाकडे मागायचं. तास संपला की पुढच्या घराला फोन करून उठवायचं आणि मग आपण आमेन म्हणायचं. मधे खंड पडू द्यायचा नाही. मोठ्या शहरातल्या मंडळीला हे सोपं जातं. आमच्यासारख्या मूठभर घरांना एकेकाला दोन-तीन तास येतात, आणि पहाटेचे चार ते पाच घ्यायला कोणी पुढे येत नाही. पाचनंतर दूध काढायला तरी लोक उठतात. चारला झोप गोड असते, ख्रिस्त्याची काय आणि कुणाची काय.

उन्हाळ्यात कंडक्टरला ॲटॅक आला. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, आजची रात्र काढू द्या, मग बघू. साखळी लागली. मंडळीचे वडील भगवंतराव, म्हणजे आमच्या चर्चच्या कारभाऱ्यांपैकी सगळ्यात जुने, त्यांचा मला फोन आला. "कोकिळाबाई, चार ते पाच खालीच राह्यलं. तुमच्या घरून कोनी बसते का?" आमच्या घरून कोण बसणार होतं? लेक काजल नागपूरहून निघालेली, अजून वाटेत होती, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात. मी जुलेखाला फोन लावला.

जुलेखा माझी शेजारीण. तिची आणि माझी भिंत एक आहे. तिच्याकडे खिळा ठोकला तर माझ्याकडचं कॅलेंडर पडतं. काजल तिच्याच मांडीवर मोठी झाली, आणि तिच्या इद्रीसला पाढे मी शिकवले. जुलेखा रोजच फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या, कितीतरी आधी उठते, जास्तीची नमाज पढायला. मी तिला म्हटलं, "तू त्या टायमाले जागीच राह्यतं ना? मंग आज एक तास कंडक्टरसाठी माग."

"हाव, त्यात काय? मी तं उठतेच. तू तिकडं ध्यान दे," ती म्हणाली.

मी भगवंतरावांना कळवलं, चार ते पाच माझ्याकडून भरलं, फोनचं मी बघते. खोटं बोलले नाही. ती बाई माझ्याकडचीच आहे.

कंडक्टर वाचले. एक नळी उघडली, बाकीच्यांसाठी मोठं ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं, पण घरी आले, चहा पिऊ लागले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागले. मग आमच्या पद्धतीप्रमाणे मी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिले. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. मी आनंदाच्या भरात सगळं सांगितलं. कोणी डबा पोचवला, कोणी रक्त दिलं, आणि पहाटेच्या तासाला माझी जुलेखा कशी बसली. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. समोरचे चेहरे एकेक करून बंद होत गेले, तरी मला कळलं नाही. मला वाटलं, लोकांना रडू येतंय.

त्याच्या पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी ते साखळी तुटल्याचं सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी ते घरी आले, भगवंतरावांना घेऊन. पाळकसाहेब तरुण आहेत, अमरावतीकडचे, आम्हाला येऊन वर्षही झालं नाही. जुन्या लोकांसारखं ते "सलाम" म्हणत नाहीत. आमच्या आज्यापणज्या चर्चच्या दारात एकमेकींना सलामच म्हणायच्या. यांनी आल्याआल्या तो बंद करायला सांगितला. त्यांना चहा दिला. राग असला तरी चहा द्यावाच लागतो.

"ऑपरेशनसाठी पुन्हा साखळी लावायची ना?" त्यांनी विचारलं.

"लावायची म्हून तं वाट पाहून राह्यली तुमची."

"लावू. पण आधी एक गोष्ट सरळ करावी लागेल. येत्या रविवारी तुम्ही मंडळीसमोर उभं राहा आणि सांगा की तो तास तुम्ही परक्या देवाला दिलात, आणि त्याचा तुम्हाला पश्चात्ताप आहे. मग आपण एकमनाने देवापुढे जाऊ."

"परका कोनता? ती अब्राहामाच्याच देवाले मागते."

"जो पुत्राला मानत नाही, त्याच्याकडे पिताही नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, कोकिळाबाई."

मी काही कॉलेजात शिकलेली नाही, पण रविवारच्या शाळेत लेकरांना गोष्टी सांगण्यात माझं आयुष्य गेलं. मी त्यांना बायबलातली अब्राहामाची दासी हागार काढून दाखवली. अब्राहामाच्या घरातून तिला हाकललं, कातडी पिशवीतलं पाणी संपलं, पोरगं झुडपाखाली टाकून ती लांब जाऊन बसली, कारण लेकराचं मरण पाहवेना. त्या पोराचं रडणं कोणी ऐकलं? आपल्याच देवाने ऐकलं ना? विहीर कोणी दाखवली? आणि ते पोरगं म्हणजे इश्माएल. ज्याचं नाव जुलेखाचे लोक घेतात तोच.

पाळकसाहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. तेच मला जास्त लागलं. "ऐकलं. देवाने ऐकलं. पण करार अब्राहामाच्या दुसऱ्या मुलाशी, इसहाकाशी केला," ते म्हणाले.

"मले करार नाही पाह्यजे, पाळकसाहेब. मले ऐकनं पाह्यजे!"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "माझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने त्यांना झोडपलं. विहीर बंद केली. माझी आई कोसभरावरून पाणी आणायची. सगळे देव एकच असते, तर त्यांनी तो मार कशासाठी खाल्ला? तुम्ही म्हणता तसं मी म्हटलं, तर माझा बाप मूर्ख ठरतो. ते मला जमणार नाही."

उत्तर सुचलं नाही की माझा राग दुप्पट होतो, हे कंडक्टरला चांगलं माहीत आहे. त्यांनी आतल्या खोलीतून खोकून मला गप्प केलं. पाहुणे गेले आणि मी त्यांचे कप इतक्या जोरात घासले की एकाचा कान तुटला.

तोवर बातमी भिंतीपलीकडे गेली होती. इद्रीस दारात आला. बस स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे. पोरगा सरळ आहे, माझ्याशी मान वर करून बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"खाला, अम्मीचं नाव चर्चमधी नका घेत जाऊ. मस्जिदीत लोकं इचारून राह्यले, तुही अम्मी ईसाई झाली का? तुमच्या लोकायच्या लाइनीत तिनं नंबर लावला म्हनते."

"अरे, लाइन कायची? राशनची आहे का? तुह्या काकासाठी मागितलं तिनं!"

"काकासाठी मागो ना. घरी मागो. तुमच्यात कायले मागते? तुमी लोकं तं अल्लाले पोरगा आहे म्हनता."

हाही तेच म्हणत होता. तिकडचा म्हणतो पुत्राला मानत नाही, इकडचा म्हणतो पुत्र मानता. दोघांची मतं उलट, पण दोघांनाही जुलेखा त्या तासातून उठायला हवी होती. मी सरळ इद्रीसच्या अंगावरून त्याच्या घरात गेले.

जुलेखा परातीत मेथी निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "जुलेखा, त्या दिवशी तू कोनाले मागितलं?"

"अल्लाले. अजून कोनाले मागू?"

"जमीन-अस्मान बनवनारा तोच ना? इब्राहीमचा तोच ना?"

"हाव, तोच."

"मंग झालं तं! माह्याही तोच. म्हन बरं, आपला एकच आहे म्हून. मी रविवारी त्या पाळकाच्या तोंडावर सांगते, की ती सोता म्हनते."

तिने बोटांतलं मेथीचं पान परातीत टाकलं. मग म्हणाली, "असं नाही म्हनू शकत मी."

"काऊन?"

"तू येशूले देव म्हनतं. आमी ईसा अलैहिस्सलाम म्हनतो, लई इज्जतीनं नाव घेतो, पन ते पैगंबर. अल्लाले लेकरू नाही. हे एवढं मोठं मधात असतानी मी एकच आहे म्हून कशी बोलू? झूठ होते ते."

मला वाटलं, ती परात उचलून भिंतीवर आदळावी. मी तिच्यासाठी माझ्या माणसांशी वैर घेत होते, नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता, आणि या बाईला मधातलं अंतर मोजायचं होतं! "अव, मी तिकडं तुह्यापायी तोंड फोडून राह्यली, अन् तुले एक शब्द जड झाला?"

"तू भांडली, ते मले मालूम आहे. पन तूच सांग, कोनी तुले म्हनलं, येशू देव नाही असं बोल, तं तू बोलशीन? शीलवंतभाऊसाठी बोलशीन?"

उत्तर तिला माहीत होतं.

"मंग मले काऊन बोलाले लावतं?" ती म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. "मले किताबातलं नाही समजत. मी हात उचलले, शीलवंतभाऊचं नाव घेतलं, अन् समोर खाली नव्हतं. कोनीतरी ऐकून राह्यलं होतं. एवढं मी कसम खाऊन सांगन. त्याच्यावर मले इचारू नको."

तिचं खरं होतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला. मी घरी आले. पुढचे दिवस भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, दोघीही भांडी जोरात आपटत होतो.

त्या आठवड्यात मी मनात एकच गोष्ट घोळवली. मी साखळी मानते. ही काही दाखवायची रीत नाही माझ्यासाठी. लोक माझ्या माणसाचं नाव एकामागून एक देवाच्या कानावर घालत होते, म्हणून तो वाचला, असं मी धरून चालते. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला होता आणि धोका आहे हेही स्पष्ट सांगितलं होतं. साखळीशिवाय त्यांना आत पाठवायचं माझ्या छातीत बळ नव्हतं. आणि पाळकसाहेबांचं खरं असलं तर? माझ्या हट्टापायी ते टेबलावरच गेले तर? शेवटी मी ठरवलं, म्हणून टाकायचं. चार शब्द आहेत. जुलेखाला नंतर काय ते समजावू. आणि नाही समजली, तर तिनेच कुठे माझ्यासाठी एक शब्द टाकला होता?

रविवारी गाणं संपलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, पदर सारखा केला. "मंडळी," मी म्हटलं, "मागच्या साखळीत चार ते पाचचा तास मी..."

टक टक. कंडक्टरनी हातातली अंगठी खुर्चीच्या दांड्यावर वाजवली होती. बस थांबवायची त्यांची जुनी खोड. सगळे त्यांच्याकडे वळले.

"कोकिळा, थांब," ते म्हणाले. उठायला त्यांना वेळ लागला. भगवंतराव आधार द्यायला गेले, त्यांना कंडक्टरनी हाताच्या खुणेनेच बसवलं. "पाळकसाहेब, जीव माहा आहे, तं मले बोलू द्या. माह्यासाठी जे जे उठले, त्यायचे मी उपकार मानले. आता त्यातल्या एकीले सांगू का, की तुहं उठनं खोटं होतं, वापस घे? हे माह्या बायकोनं माह्या नावानं सांगायचं? नाही सांगत आमी. साखळी नसन लागत, तं नको."

"शीलवंतराव, हा तुमच्या-माझ्या मनाचा प्रश्न नाही. सत्याचा आहे," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"असन. तुमी शिकलेले आहा, तुमचंच खरं असन. ते मी वर गेल्यावर इचारून घेईन. माहा नंबर जवळच आहे."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कंडक्टर माझा हात धरून दाराकडे चालू लागले. मागून कोणी आलं नाही. बाहेर येऊन मी त्यांच्या पायात चपला सरकवल्या आणि मग माझं तोंड जे सुटलं ते घरापर्यंत सुटलेलंच राहिलं.

"मोठे शूर झाले! कोनासाठी उभी राह्यली होती मी? लाज गुंडाळून कोनासाठी ठेवली? लोकायची टाळी पाह्यजे होती का तुमाले? तुमी जासान निघून, अन् मी बसन भिंतीकडं पाहत! इचारलं होतं का मले?"

ते चालत राहिले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले, श्वास घेतला. "कोकिळा, तू ते बोलली असती अन् मी जगलो असतो, तं मरेस्तोवर तू सोताले माफ केलं नसतं. अन् मले रोज भाजीसंगं वाढलं असतं ते." मग म्हणाले, "मले लई भेव लागून राह्यलं. पन तुह्या तोंडून ते ऐकन्याचं त्याच्याहून जास्त लागलं."

एवढ्या वर्षांत या माणसाने मला भीती वाटते असं कधी सांगितलं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. मला रागच आला. त्यांचा आला, पाळकाचा आला, इद्रीसचा आला, मेथी निवडणाऱ्या त्या बाईचा आला. आणि सगळ्यात जास्त त्याचा आला, जो हे सगळं वरून बघत होता आणि मी एक आहे की दोन, एवढं खाली येऊन सांगत नव्हता.

ज्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं, त्या सकाळी दारात जीप आली. साखळी लागली नव्हती. भगवंतराव आदल्या संध्याकाळी मागच्या दाराने येऊन सांगून गेले होते, की ते एकटे घरी प्रार्थना करतील, पण हे कुणाला सांगू नका. मी म्हटलं, देवाले तरी सांगू का? ते मान खाली घालून गेले. पाळकसाहेब सकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत आले, तिथेच उभे राहिले, आणि जीपचा दरवाजा उघडेपर्यंत दिसेनासे झाले.

इद्रीस आला, आमची बॅग उचलून जीपमध्ये ठेवली आणि कंडक्टरना धरून बसवलं. त्याच्या मागे जुलेखा तिच्या दारात होती, डोक्यावरून ओढणी घेऊन. आठवडाभर आम्ही बोललो नव्हतो. चर्चमध्ये काय झालं ते तिच्यापर्यंत पोचलं होतं, तिच्या तोंडावरून कळत होतं.

"ऑपरेशन उद्या आहे ना?" तिने विचारलं.

"उद्या. सकाळच्या पहारी घेतीन."

"मी उठन." तिने ओढणी सारखी केली. "पन कोकिळा, मी अल्लालेच मागन. तुले मी आधीच सांगून ठेवते. तुह्यावाल्याच्या नावानं नाही मागू शकत."

मी जीपचं दार सोडून तिच्यापाशी गेले. माझा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेला असेल. जाऊ दे.

"तुह्यालेच माग! मी माह्याले मागते. दोन असतीन, तं दोघायपैकी एकाच्या तरी कानावर जाईन. अन् एकच असन, तं एकाच भिंतीच्या दोन बाजूनं दोन बाया एकाच मानसासाठी बोंबलून राह्यल्या, एवढं तरी समजन त्याले!"

जुलेखाने माझं मनगट पकडलं. "अन् नाही ऐकलं तं?"

"नाही ऐकलं," मी म्हटलं, "तं भांडाले दोघी संगंच जाऊ."